गावातला पहिला, इथला एकतिसावा

पहिल्या घटक चाचणीचे पेपर हातात पडले की या सदराकडे एका विशिष्ट प्रकारची पत्रं येऊ लागतात. शिष्यवृत्तीत चमकलेली, निवड चाचणीतून आलेली, वर्गात ‘स्कॉलर’ म्हणून ओळखली जाणारी मुलं स्वतःला काय समजतात आणि का, हा त्या पत्रांचा विषय असतो. काही पत्रं थोडी संपादून, प्रत्येकाखाली आमच्या उत्तरासह देत आहोत. नावं, गावं आणि शाळा काढल्या आहेत.

माझा मुलगा पाचवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत होता, कायम पहिला. यंदा सहावीला एका निवासी शाळेत निवड झाली. पहिल्या चाचणीत ४० मुलांत ३१वा आला. फोनवर रडतो, ‘आई, मी ढ आहे, मला घेऊन जा’ म्हणतो. गावातल्या शाळेत परत आणावं का?

लगेच आणू नका. त्या वर्गातली जवळजवळ सगळी मुलं आपापल्या शाळेत पहिली-दुसरी होती. तरीही ४० मुलांना ४० क्रमांक मिळणारच. जो एकतिसावा येणार तोही एप्रिलपर्यंत कुठल्यातरी गावात पहिलाच होता. जवाहर नवोदय विद्यालयांचं उदाहरण घ्या. तिथे एका इयत्तेत साधारण ८० मुलं आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी. ‘गावातला पहिला’ ही तिथे बहुतेकांची ओळख असते. तुमच्या मुलाला जूनमध्ये जेवढं येत होतं, त्यापेक्षा आज जास्तच येत असणार. बदलला आहे तो आजूबाजूचा वर्ग.

‘वासरांत लंगडी गाय शहाणी’ असं आपण म्हणतो. ही म्हण गायीला टोमणा मारून थांबते. पण धडधाकट गाय मोठ्या खिल्लारात सोडली की तिला आपण लंगडतोय असं वाटू लागतं, ही तिची दुसरी बाजू कुणी बोलत नाही. हर्बर्ट मार्श या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८४ पासून हे मोजलं आहे. सारख्याच कुवतीची दोन मुलं घेतली, तर ज्याच्या शाळेची सरासरी जास्त ते मूल स्वतःला अभ्यासात कमी लेखतं. पुढे २००३ मध्ये मार्श आणि हाव यांनी २६ देशांतल्या एक लाखाहून अधिक पंधरा वर्षांच्या मुलांची माहिती तपासली, तेव्हा जवळजवळ सगळीकडे हाच कल दिसला. उलट दिशेने ओढणारी एक गोष्टही असते, ‘मी या शाळेचा’ हा अभिमान. ती बहुधा कमी जोराची असते, एवढंच.

प्रज्ञावान मुलांच्या वेगळ्या तुकड्यांवरच्या एका अभ्यासात गणिताबद्दलचा आत्मविश्वास सर्वांत जास्त घसरला तो वर्षाच्या सुरुवातीला. म्हणून जे करायचं ते दिवाळीच्या आधी करा.

उत्तरपत्रिका, निदान तिचा फोटो मागवून घ्या आणि गेलेल्या गुणांचे तीन ढीग करा. पहिला, येत होतं पण घाईत चुकलं. दुसरा, गावच्या शाळेत शिकवलंच नव्हतं. तिसरा, शिकवलं पण समजलं नाही. समजा ५० पैकी २९ पडले आणि गेलेल्या २१ गुणांत ६ पहिल्या ढिगात, ११ दुसऱ्यात, ४ तिसऱ्यात निघाले. ‘ढ’ या शब्दाचा संबंध लावायचाच तर फक्त त्या ४ गुणांशी लागेल, आणि तोही ओढूनताणून. ग्रामीण शाळेतून आलेल्या मुलांचा दुसरा ढीग अनेकदा मोठा असतो. गणित-विज्ञानाच्या इंग्रजी संज्ञा, भरभर लिहिण्याची सवय, पर्यायी प्रश्नांची पद्धत असं काय काय त्यात सापडतं. हा हिशेब मुलासमोर त्याच्याच हाताने करवून घ्या. मग दुसऱ्या ढिगातले आठवड्याला दोन घटक एवढंच काम ठेवा. तीन घेतले की एकही पुरा होत नाही.

फोनवर ‘कितवा आलास’ विचारणं सहा महिने बंद करा. त्याऐवजी ‘या आठवड्यात काय अडलं आणि कुठे सुटलं’ असं विचारा. ‘अरे, तूच सगळ्यांत हुशार आहेस’ असं मात्र म्हणू नका. त्याच्यासमोर ३१ हा आकडा आहे. त्या आकड्याशी न जुळणारं कौतुक ऐकलं की पुढच्या वेळी तुमच्या खऱ्या कौतुकावरही त्याचा विश्वास बसत नाही. भेटीच्या रविवारी जाताना पाचवीची गणिताची वही घेऊन जा आणि तेव्हा अडलेलं एखादं उदाहरण त्याला सोडवून दाखवायला सांगा. गेल्या वर्षीच्या स्वतःशी केलेली तुलना अशी हातात धरता येते. सातवीतला एखादा मुलगा याच वाटेने गेलेला असेल, तर शिक्षकांना सांगून दोघांची गाठ घालून द्या. आईबापांच्या दहा फोनपेक्षा त्याचं एक वाक्य जास्त लागू पडतं.

परत आणण्याचा विचार कधी करावा? दिवाळीच्या सुट्टीनंतरही जेवण-झोप बिघडलेली असेल, चाचणीच्या आदल्या दिवशी दर वेळी पोट दुखत असेल आणि बोलण्यात एकाही मित्राचं नाव येत नसेल, तर. क्रमांक ३१वरून ३४वर गेला हे कारण होऊ शकत नाही. मात्र मारहाण किंवा छळ होत असेल तर प्रश्नच वेगळा. तेव्हा दिवाळीची वाट पाहू नका.

मी नववीत आहे. वर्गात ‘आली स्कॉलर’, ‘फार शहाणी’ असं ऐकावं लागतं, म्हणून उत्तर येत असूनही मी हात वर करत नाही. मागच्या चाचणीत दोन प्रश्न मुद्दाम सोडले. मी सगळ्यांना फसवते आहे का?

फसवत नाहीस. तू जे करतेस ते जगभरातली हुशार मुलं करतात. लॉरेन्स कोलमन आणि ट्रेसी क्रॉस या अमेरिकी अभ्यासकांनी १९८० च्या दशकात याचाच अभ्यास केला. हुशारीचा विषय निघाला की मुलं काय करतात? कुणी सरळ कबूल करतं, कुणी विषय बदलतं, कुणी लपवतं. धडधडीत खोटं बोलणारी थोडी, मधला मार्ग काढणारी जास्त. ‘पेपर कसा गेला?’ ‘ठीक.’ यात फसवणूक नाही. मोठ्या माणसांना कुणी पगार विचारला तर तीही असंच करतात.

पण तू दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्या आहेस. गुण किती पडले हे न सांगणं हा तुझा हक्क. येणारा प्रश्न सोडून देणं हा तुझा तोटा. शिक्षक तो कोरा भाग बघून ‘हिला हे समजलेलं नाही’ असं धरतात. आणि मुद्दाम सोडला होता हे काही महिन्यांनी तुझ्याही लक्षात राहत नाही, लक्षात राहतात ते गुण. मग ‘मला हा धडा जमत नाही’ असं तूच म्हणू लागतेस. हात वर न करण्याचंही तसंच. उत्तर द्यायला हात वर होत नाही, तो हळूहळू शंका विचारायलाही होईनासा होतो.

एक प्रयोग करून बघ. वर्गातल्या पाच जणींना मागच्या चाचणीत गणितात किती पडले ते आठवून कागदावर लिही. दोघींचे आठवतील, फार तर तिघींचे. तुझे गुणही त्यांना एवढेच आठवतात. वयात येताना सगळे आपल्याकडेच बघताहेत असं वाटतं. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये याला ‘काल्पनिक प्रेक्षक’ म्हटलं. टोमणे खरे आहेत, पण प्रेक्षक तुला वाटतात त्यापेक्षा बरेच कमी आहेत.

उत्तरं तयार ठेव. ‘किती पडले?’ याला ‘बरे पडले. तुला तो सहावा प्रश्न आला का?’ ‘तुला काय टेन्शन, स्कॉलर!’ याला ‘आहे की, इतिहासाचं’, पण खरंच असेल तरच. एक वाक्य मात्र कधीच वापरू नकोस: ‘मी तर अभ्यासच केला नव्हता.’ तुला ते नम्रपणाचं वाटतं. रात्र जागून ५५ मिळवलेल्या मैत्रिणीला ते थोबाडीत मारल्यासारखं लागतं. वही द्यायची तर दे, गृहपाठ करून मात्र देऊ नकोस. त्याने मैत्री होत नाही, नोकरी लागते.

लपवावं लागणार नाही अशी एखादी जागा शोध. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीसाठी असते. लेखी, प्रात्यक्षिक, प्रकल्प, मुलाखत असे तिचे टप्पे. पदक मिळो न मिळो, प्रात्यक्षिकाच्या फेरीत तुझ्यासारख्याच गोष्टींवर बोलणारी मुलं भेटतात. बुद्धिबळाचा गट, गावातलं वाचनालय, किल्ल्यांवर जाणारी मंडळी, यांतलं काहीही चालेल. आठवड्यातून एकदा पुरे.

(वाचकांसाठी एक कडू नोंद. ‘फार शहाणी’ हे मुलीला शिवीसारखं म्हणता येतं, मुलग्याला तितकं सहज म्हणता येत नाही. हे दुखणं या मुलीचं नाही.) टोमणे रोजचे झाले, वह्या लपवल्या जाऊ लागल्या किंवा गटातून ठरवून काढलं गेलं, तर तारखा लिहून वर्गशिक्षकांना दाखव.

मुलीला गणितात ९६, मराठीत ८९, इंग्रजीत ८८. तरी ‘माझ्या भाषा कच्च्या आहेत’ हे पालुपद. वर्गाची मराठीची सरासरी ७१ आहे. हा नम्रपणा म्हणायचा की आणखी काही?

नम्रपणा नाही. तिच्याकडे दोन तराजू आहेत. एका पारड्यात तिची मराठी आणि दुसऱ्यात वर्गाची मराठी, हा पहिला तराजू; त्यात ती १८ गुणांनी वर आहे. दुसऱ्या तराजूत एका बाजूला तिची मराठी आणि दुसऱ्या बाजूला तिचंच गणित. तिथे मराठी हलकी ठरते. मार्श यांनी १९८६ मध्ये यावरच बोट ठेवलं होतं. गणिताचे आणि भाषेचे गुण बहुधा हातात हात घालून चालतात, पण ‘मी गणितात कशी’ आणि ‘मी भाषेत कशी’ या दोन समजुतींचा एकमेकींशी जवळजवळ संबंध नसतो.

गणिताचं घरात सारखं कौतुक होत असेल, तर त्यानेही भाषेचं पारडं आणखी वर जातं. मराठीच्या शिक्षकांना तिच्या निबंधाबद्दल एक नेमकं वाक्य लिहायला सांगा. ‘छान’ नको. ‘दुसऱ्या परिच्छेदात मुद्दा उलटवलास तो जमला’ अशा जातीचं वाक्य हवं. अकरावीची शाखा ठरवताना तिच्या या समजुतीला मत देऊ नका. आठवी ते दहावीचे विषयवार गुण बघा, आणि कुणी न सांगता ती काय वाचते तेही बघा.

बारा वर्षांच्या मुलाची चाचणी करून घेतली. बुद्ध्यांक १३८ आला. त्याला सांगावं का? तो आधीच वर्गातल्या मुलांना ‘मठ्ठ’ म्हणतो.

आधी तो आकडा नीट वाचा. सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) १५ असलेल्या चाचणीत १३८ किंवा त्याहून वर जाणारं मूल साधारण पावणेदोनशेंत एखादं. पण मोजमापात चूक असतेच. कमी-अधिक पाच-सहा गुण धरले तर खरा पल्ला १३२ ते १४४ असा होतो. तेव्हा १३८ आणि १३५ यांत फरक नाही, आणि त्यावरून भावंडांत चढउतार लावणं व्यर्थ आहे. कोणती चाचणी वापरली आणि तिचे निकष, म्हणजे ज्या मुलांच्या गुणांशी तुलना होते ते, कोणत्या साली बसवलेले आहेत, हेही विचारा. जुन्या निकषांवर आजची मुलं मोजली की आकडा फुगतो. आपल्याकडे अजून वापरात असलेल्या काही चाचण्यांचे निकष कित्येक दशकांपूर्वीचे आहेत. अहवालात फक्त एक आकडा असेल आणि उपचाचण्यांचे गुण नसतील, तर ते मागून घ्या. शब्दसंग्रहात फार वर आणि कामाच्या वेगात मध्यम असं चित्र असेल, तर मुलाच्या रोजच्या अडचणी त्यातून कळतात. एकट्या आकड्यातून काही कळत नाही.

आता सांगायचं की नाही. आकडा सांगू नका, अर्थ सांगा. वाक्यं तीनच: ‘तुला नवीन गोष्टी लवकर समजतात. लिहिण्याचा वेग इतरांसारखाच आहे, म्हणून पेपर अपुरा राहतो. लवकर समजणं म्हणजे येणं नाही, त्याला सराव लागतो.’ आकडा भावाबहिणींना, आजीआजोबांना किंवा नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटाला कळवू नका. एकदा तो बाहेर गेला की पहिल्या वाईट निकालाला ‘१३८ असून हे?’ असं कुणीतरी म्हणतंच, आणि त्या दिवसापासून अवघड काम टाळणं हा मुलाला शहाणपणा वाटू लागतो.

म्यूलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये पाचवीतल्या मुलांवर केलेले प्रयोग याच्याशी जुळतात. ‘तू हुशार आहेस’ असं कौतुक ऐकलेल्या मुलांनी पुढे सोपं काम निवडलं, अपयशानंतर त्यांची कामगिरी खालावली आणि आपले गुण वाढवून सांगणारीही त्यांच्यात जास्त निघाली. पुढच्या मोठ्या अभ्यासांत या धर्तीच्या उपायांचा परिणाम लहानच दिसला, त्यामुळे कौतुकाचे शब्द बदलून जादू होईल असं समजू नका. नुकसान मात्र टळू शकतं.

‘मठ्ठ’बद्दल थोडक्यात. इतरांना मठ्ठ म्हणणाऱ्या मुलाला बरोबरीचं कुणी भेटलेलंच नसतं, असं पुष्कळदा असतं. त्याला पोहायला किंवा तबल्याला घाला, जिथे तो सगळ्यांत कच्चा असेल आणि त्याच्याहून लहान मूल पुढे असेल. उपदेशापेक्षा हे स्वस्त पडतं. अपमानाचा शब्द मात्र त्याच वेळी, त्याच जागी थांबवा. बुद्ध्यांकाची सवलत त्याला नाही.

मी आठवीचा वर्गशिक्षक आहे. मुलं स्वतःकडे कशी बघतात हे मोजायचं आहे. तयार प्रश्नावली वापरू की स्वतः करू?

तयार प्रश्नावल्या चांगल्या आहेत. मार्श यांची किशोरांसाठीची प्रश्नावली १०२ विधानांची. सुसान हार्टर यांची ४५ विधानांची, आठ क्षेत्रं आणि एकंदर आत्ममूल्य असे नऊ भाग. पण दोन्ही मुळात इंग्रजी. घरगुती भाषांतर केलं की त्यांचे निकष लागू राहत नाहीत. संशोधनासाठी प्रमाणित मराठी आवृत्ती शोधा. वर्गापुरतं समजून घ्यायचं तर २४ विधानांचा एक कागद पुरतो.

सहा क्षेत्रं घ्या: गणित-विज्ञान, भाषा, मैत्री, खेळ, दिसणं, एकंदर स्वतःबद्दल. प्रत्येकी चार विधानं, त्यांतली दोन उलट्या अर्थाची. पर्याय चार ठेवा. मधला ‘सांगता येत नाही’ दिला की अर्धा वर्ग तिथे जाऊन बसतो. विधानात ‘नाही’ येऊ देऊ नका. ‘मला गणित जमत नाही’ याला ‘मुळीच खरं नाही’ हे उत्तर देताना आठवीतलं मूल गोंधळतं. ‘गणिताचा तास आला की मला दडपण येतं’ असं लिहा. हार्टर यांची एक युक्ती उचलण्यासारखी आहे: ‘काही मुलांना वर्गात उत्तर द्यायला आवडतं, काहींना ते नको वाटतं. तू कोणत्या मुलांसारखा?’ दोन्ही बाजूंना मुलं आहेत असं दिसलं की ‘चांगलं’ उत्तर देण्याचा मोह कमी होतो.

कागदाच्या मागे एकच प्रश्न छापा, आणि तो सगळ्यांत महत्त्वाचा: ‘हे लिहिताना तुझ्या मनात कोण होतं?’ पर्याय: वर्गातली मुलं, शिकवणीतली मुलं, भाऊ-बहीण, गेल्या वर्षीचा मी, कुणीच नाही. वर्गात पहिला येणारा मुलगा गणितात स्वतःला कमी गुण देतो आणि मागे ‘शिकवणीतली मुलं’वर खूण करतो, तेव्हा त्याच्याशी जे बोलायचं ते ‘भाऊ’वर खूण करणाऱ्याशी बोलून चालणार नाही. हा मागचा प्रश्न विसरला तर पुढच्या चोवीस विधानांचा अर्थ लावताना तुम्ही अंदाजच करत बसाल.

वेळ २० मिनिटं. ऑगस्टच्या उत्तरार्धात एकदा, जानेवारीत एकदा. निकालानंतरच्या आठ दिवसांत नको, क्रीडा महोत्सवाच्या आठवड्यात तर नकोच. पालकांची संमती घ्या. नावाऐवजी खूणक्रमांक द्या. कागद वर्गप्रमुखाकडून गोळा करू नका, तो वाचतो. मुलं लिहीत असताना बाकांमधून फिरूही नका.

प्रत्येक क्षेत्राचे गुण ४ ते १६ येतील. उलट्या विधानांचे गुण उलटून मगच बेरीज करा. सर्वांत जास्त गफलत इथेच होते. सहा क्षेत्रांची एकत्र बेरीज करू नका. गणितात १५ आणि मैत्रीत ६ असलेलं मूल त्या बेरजेत ‘ठीक’ दिसतं आणि नजरेतून सुटतं. ऑगस्ट ते जानेवारी दोन गुणांच्या आतला फरक धरू नका, चार विधानांच्या मापाला तेवढी नेमकी धार नसते.

काय दिसेल याचा अंदाज असावा. होग आणि रेन्झुली यांनी १९९३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. प्रज्ञावान मुलं अभ्यासाच्या बाबतीत स्वतःला इतरांपेक्षा वर मानतात, एकंदरीत थोडी वर. पुढे लिटस्टर आणि रॉबर्ट्‌स यांच्या २०११ च्या अशाच कामात दिसणं आणि खेळ या दोन बाबतींत ती स्वतःला खाली मानताना दिसली. म्हणून खेळात कमी गुण आले की घाबरू नका. एखाद्या विषयात गुणपत्रिका वर आणि स्वतःचं मत खाली, अशा मुलांची यादी करा आणि प्रत्येकाशी दहा मिनिटं एकट्याने बोला. कागद पुढे ठेवून नव्हे. ‘गणिताचा पेपर परत मिळाला तेव्हा आधी काय बघितलंस?’ एवढ्यावरून सुरुवात होते. या कागदावरून निदान करायचं नाही आणि पालकसभेत वाचायचाही नाही.

भाचा दहावीत. सराव परीक्षेत ९५ टक्के. वहीत एक खाडाखोड झाली की पान फाडून पुन्हा लिहितो, रात्री दोनपर्यंत बसतो. म्हणतो, ‘आत्या, हे नशिबाने पडले, बोर्डात सगळ्यांना कळेल.’ घरचे म्हणतात, जिद्द आहे.

तुमची शंका बरोबर आहे. जिद्दी मूल चुकीपाशी थांबतं आणि ती दुरुस्त करतं. हा मुलगा चूक झाल्याचा पुरावाच नष्ट करतो आहे. आपलं यश नशिबाचं आणि एक दिवस बिंग फुटणार, या भावनेचं वर्णन क्लान्स आणि आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये कर्तबगार स्त्रियांमध्ये प्रथम केलं. हुशार किशोरांतही ती दिसते. गुण वाढवून ती जात नाही. ९८ पडले तर तेही नशिबानेच पडलेले असतात.

रोज एक उत्तर २० मिनिटांत पेनने लिहायचं, खोडरबर आणि पांढरी शाई बाजूला. चूक झाली तर एक आडवी रेघ मारून पुढे जायचं. पान फाडायचं नाही. पहिले काही दिवस तो अस्वस्थ होईल, हात शिवशिवतील. ते अपेक्षित आहे. उत्तरपत्रिकेत खाडाखोडीचे गुण कापत नाहीत, हे त्याला शाळेतल्या परीक्षकाचं काम केलेल्या शिक्षकांकडून ऐकवा. घरच्यांचं ऐकून त्याला ते खरं वाटणार नाही. सराव पेपरात अडलेल्या प्रश्नावर चार मिनिटं, मग सोडून पुढे. रात्री अकराला दिवा बंद. याला घरातल्या सगळ्यांची साथ लागते, कारण बाहेर टीव्ही चालू असेल तर तो झोपणार नाही. आणि शेजारीपाजारी, नातेवाइकांत टक्केवारी सांगणं थांबवा. बिंग फुटेल याची भीती जितक्या लोकांना आकडा माहीत तितकी मोठी होते.

झोप, जेवण आणि आवडीच्या गोष्टी दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेल्या असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाला किंवा प्रशिक्षित समुपदेशकाला दाखवा. ‘नकोच हे जगणं’ अशा अर्थाचं काही तो एकदाही बोलला, तर त्याच दिवशी. त्याला एकटं ठेवू नका. टेली मानस ही सरकारी मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही मिळते. तुम्ही स्वतःही तिथे विचारू शकता. त्याने फोन केलाच पाहिजे असं नाही.

मी आठवीत आहे. मला एक वर्ष आधी शाळेत घातलं होतं. अभ्यासात पहिल्या तिघांत असतो, पण कबड्डीच्या संघात मला सगळ्यात शेवटी घेतात. मी अशक्त आहे का?

वर्गातली मुलं तुझ्यापेक्षा एक वर्षाने मोठी आहेत आणि तेरा-चौदा या वयात एका वर्षाला फार किंमत असते. वाढीच्या ऐन वर्षात मुलगा आठ-नऊ सेंटिमीटरनी उंच होतो, वजनही त्याच वेळी भरतं. त्यांचं ते वर्ष सुरू झालं आहे, तुझं यायचं आहे. त्यामुळे ताकद मोजायची तर सातवीतल्या मुलांबरोबर मोज. तीच तुझ्या वयाची. संध्याकाळी त्यांच्यात खेळ. शालेय क्रीडा स्पर्धांचे गटही १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे वयावर असतात, इयत्तेवर नाही. वर्गातली काही मुलं १४ वर्षांखालच्या गटातून बाहेर पडतील, तेव्हा तू अजून त्यात असशील.

तोवर चढाईच्या मागे लागू नकोस, तिथे वजन आड येतं. कोपऱ्यात उभा राहायला शीक. चढाईपटूचा पाय बोनस रेषेकडे आला की खाली वाकून घोटा धरायचा आणि लगेच स्वतःकडे ओढून घ्यायचा. उशीर झाला तर तो तुला फरफटत मध्यरेषेपर्यंत नेईल, आणि सुरुवातीला दहांतल्या सात वेळा नेईलच. घोटा पकडायला उंची लागत नाही. तुझ्यासारख्या बुटक्याला तर वाकावंही कमी लागतं.